प्रजनन-आरोग्याच्या नोंदींसाठी स्वतंत्र कायदा हवा का?

रेवती (धागाकर्ती)

पाळीच्या तारखा, मूल होण्यासाठी चाललेले प्रयत्न, वंध्यत्वावरचे उपचार, गर्भपात यांच्या नोंदींना सर्वसाधारण माहिती-संरक्षण कायदा पुरेसा नाही, त्यांच्यासाठी स्वतंत्र आणि कडक कायदा हवा, असे माझे ठाम मत आहे. ते कशावरून बनले हे आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी अकराव्या आठवड्यात माझा गर्भ पडला. गर्भधारणेची नोंद मी एका अ‍ॅपमध्ये ठेवत होते. ती बंद कशी करायची हे शोधायला मला चार दिवस लागले, आणि नोंद पुसल्यानंतरही कित्येक महिने, जी तारीख बाळंतपणाची ठरली असती तिच्या सुमारापर्यंत, पाळण्यांच्या आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिराती माझ्या फोनवर येत राहिल्या. माझ्या घरातल्या दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट अनोळखी विक्रेत्यांपर्यंत कशी गेली, हे मला आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

हे माझ्या एकटीचे दुर्दैव नव्हे. फ्लो हे पाळीची नोंद ठेवणारे अ‍ॅप 10 कोटींहून अधिक लोकांनी वापरलेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये त्याच्याविरुद्ध जी तक्रार मांडली, तीत असे म्हटले आहे की बाईने गर्भधारणेचा आठवडा निवडला की ‘गर्भधारणेचा आठवडा निवडला’ अशा अर्थाच्या नावानिशी ती कृती फेसबुकसारख्या कंपन्यांकडे पोचत असे. आणि हे सारे, माहिती खासगी राहील असे आश्वासन दिलेले असताना. प्रकरण तडजोडीने मिटले आणि त्या तडजोडीत एक डॉलरचाही दंड नव्हता.

आरोग्याची माहिती म्हटली की ती वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्यात बसते, असा पुष्कळांचा समज असतो. अमेरिकेचा 1996 चा हिपा कायदा डॉक्टर, रुग्णालये आणि विमा कंपन्यांना बांधतो. बाईने स्वतःच्या हाताने अ‍ॅपमध्ये भरलेली माहिती सहसा त्याच्या बाहेरच राहते.

अभिजित

रेवतीताई, आपण जे सोसले त्याबद्दल मनापासून वाईट वाटते. तरीही स्वतंत्र कायद्याला माझा विरोध आहे, कारण ‘प्रजनन-आरोग्याची माहिती’ म्हणजे नेमके काय, ही रेघ कोणालाच नीट ओढता येणार नाही. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचे बिल, प्रसूतितज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर अर्धा तास थांबलेला फोन, रात्री दोन वाजता केलेला एखादा शोध, यांतली प्रत्येक गोष्ट एकटी पाहिली तर किरकोळ आहे आणि एकत्र केल्या तर सगळे उघड करणारी आहे. व्याख्या अरुंद ठेवली तर कंपन्या बाजूने निसटतील. रुंद केली तर किराणा दुकानाचे बिलही तीत येईल, मग वेगळा कायदा कशासाठी? युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातील कलम 9 आरोग्य आणि लैंगिक जीवन या दोन्हींच्या माहितीला विशेष संरक्षण देते, आणि तेही सर्वसाधारण कायद्याच्या पोटातच. मनोविकार किंवा एचआयव्ही असलेल्या माणसाची भीती काही कमी नसते. एकेका दुखण्याला एकेक कायदा करत गेलो तर ज्यांच्यामागे संघटना नाही ते उघडेच राहतील.

डॉ. मेघना

मला काळजी आहे ती संशोधनाची. अपस्मारावरचे व्हॅलप्रोएट हे औषध गर्भाला किती घातक आहे, हे ठरवण्यात औषध घेणाऱ्या गर्भवतींच्या नोंदवह्यांचा मोठा वाटा आहे. ‘माहिती कोणाला देऊच नका’ असे सरसकट लिहिले गेले, तर पुढच्या औषधाचा धोका आपल्याला उशिरा कळेल आणि तो उशीर बायकांच्याच वाट्याला येईल. कायदा करायचा असेल तर जरूर करा, पण ओळख काढून टाकलेल्या नोंदींचा आणि समजून दिलेल्या संमतीचा मार्ग त्यातच लिहून ठेवा.

सुमंत (वकील)

चर्चा जाहिरातींभोवतीच फिरते आहे म्हणून लिहितो. 24 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि या नोंदी पुराव्याच्या जातीच्या झाल्या. त्याच वर्षी नेब्रास्का राज्यात मुलीच्या गर्भपातावरून एका मायलेकीवर झालेल्या खटल्यात पोलिसांनी वॉरंट दाखवून फेसबुककडून दोघींचे आपसातले संदेश मिळवले आणि पुढे दोघींनाही शिक्षा झाली. कंपनीने तेथे संमतीचा कोणताही नियम मोडलेला नव्हता. संदेश तिच्याकडे होते, म्हणून ते द्यावे लागले. तेव्हा माहिती कोणाला द्यावी याहून ती मुळात किती गोळा करावी आणि किती दिवस ठेवावी, हे कायद्याने ठरवणे जास्त निकडीचे आहे. शिवाय नुसत्या सरकारी नियमावर विसंबता येत नाही: हिपाखाली एप्रिल 2024 मध्ये केलेला प्रजनन-गोपनीयतेचा नियम टेक्सासमधील एका संघीय न्यायाधीशांनी जून 2025 मध्ये बहुतांशी रद्द केला.

रेवती

सुमंतसाहेब, आपला मुद्दा पूर्ण मान्य आहे आणि माझ्या मूळ लेखनात तो यायला हवा होता. अमेरिकी संसदेच्या सदस्य सारा जेकब्ज यांनी जून 2022 मध्ये मांडलेल्या ‘माय बॉडी, माय डेटा’ विधेयकाचा गाभाही हाच आहे: सेवेला जेवढी लागते तेवढीच माहिती घ्या आणि बाई म्हणेल तेव्हा ती पुसा. मेघनाताईंची अट मला जाचक वाटत नाही. नोंदवहीत नाव देताना बाईला आपण काय देतो हे ठाऊक असते, जाहिरातवाल्याला देताना ते नसते.

अभिजित, सर्वसाधारण कायदा आला तर मलाही आनंदच होईल. पण अमेरिकेत 2022 मध्ये तसे विधेयक समितीतून मोठ्या बहुमताने पुढे गेले आणि सभागृहात मतदानाला आलेच नाही. त्याची वाट पाहत बसायला सांगणे म्हणजे आज उघड्यावर पडलेल्या बाईला उद्याचे पांघरूण दाखवणे आहे. वॉशिंग्टन राज्याने 2023 मध्ये ग्राहकांच्या आरोग्य-माहितीचा कायदा केला. त्यात, आपण म्हणता तसा, इतर माहितीवरून काढलेला अंदाजही धरला आहे, आरोग्यसेवेच्या ठिकाणाभोवती 2,000 फुटांच्या आत फोनवरून माणसांचा माग काढायला बंदी आहे, आणि बाधित व्यक्तीला स्वतः न्यायालयात जाता येते. व्याख्या करता येते, ती तेथे केलेली आहे.

अभिजित

वॉशिंग्टनचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, ताई. तो कायदा सगळ्याच आरोग्य-माहितीचा आहे, केवळ प्रजननाचा नाही. गोळा करण्यावरच मर्यादा हवी, हे मात्र मी मान्य करतो. पाळीच्या तारखा फोनमध्येच राहाव्यात, कंपनीच्या सर्व्हरवर जाऊच नयेत, एवढे एक कलम आपण दोघे मिळून लिहू शकू. वेगळ्या कायद्याबद्दल मी अजून तेथेच उभा आहे.