पाइन टार साबण: टार किती, कॉस्टिक किती आणि मिश्रण एवढ्या लवकर का आवळतं?

फेसाळ

कोल्ड प्रोसेसचे (न शिजवता केलेले) साधे साबण नीट जमतात, आता पाइन टारचा (पाइनचं लाकूड भाजून काढलेल्या काळ्या, चिकट डांबराचा) करायचा आहे. एक किलोचा आराखडा असा: ऑलिव्ह तेल ४०० ग्रॅम, खोबरेल २५०, पाम १५०, पाइन टार २००. सुपरफॅट (साबण न होता वडीत मोकळं राहणारं तेल) ८ टक्के. तेलं आणि लायचं पाणी (पाण्यात विरघळवलेलं कॉस्टिक) दोन्ही ४५ अंशांवर. टारचा धुरकट वास जरा दबावा म्हणून शेवटी लवंग तेल आणि लॅव्हेंडर.

अडलंय ते इथे. कुठल्या तेलाला किती कॉस्टिक लागतं ते सांगणाऱ्या माझ्या कॅल्क्युलेटरच्या यादीत पाइन टार नाही. मग त्याला तेल समजून ऑलिव्हमध्येच धरू, की रंग-सुगंधासारखं हिशेबाबाहेर ठेवू? दुसरं, टार पडलं की मिश्रण दोन-तीन मिनिटांत आवळतं (घट्ट होतं) असं सगळेच सांगतात. ते का होतं आणि थोडा वेळ कसा मिळवायचा? हॉट प्रोसेसने (मिश्रण शिजवून) केलं तर हा प्रश्न सुटेल का?

मोजूनमापून

आधी हिशेब, कारण तुमचे दोन्ही पर्याय चुकीचे ठरतात, तेही विरुद्ध दिशांना.

पाइन टार तेल नाही, पण कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) खातं. त्यातली राळेची आम्लं सोडियम हायड्रॉक्साइडशी थेट जुळतात. हिशेबाला दर ग्रॅम टारमागे ०.०४३ ग्रॅम कॉस्टिक धरतात. ऑलिव्हला ०.१३५, खोबरेलाला ०.१८३, पामला ०.१४२ लागतं. म्हणजे टारची भूक ऑलिव्हच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.

टार हिशेबाबाहेर ठेवलंत तर तिन्ही तेलांना १२१ ग्रॅम कॉस्टिक लागतं. ८ टक्के वजा केल्यावर तुम्ही १११.४ ग्रॅम घेणार. त्यातलं ८.६ ग्रॅम टार पहिल्या झटक्यात गिळतं, कारण मोकळी आम्लं तेलांच्या कितीतरी आधी जुळतात. तेलांना उरलं १०२.८, म्हणजे प्रत्यक्षात सुपरफॅट १५ टक्के. असा साबण आठवडाभर साच्यातून सुटत नाही, चिकट राहतो आणि पुढे खवट होतो.

टारला ऑलिव्ह धरलंत तर कॅल्क्युलेटर १३६.२ ग्रॅम सांगेल. खरी एकूण गरज १२९.६ आहे. कागदावर ८ टक्के सुपरफॅट, वडीत मात्र साडेसहा ग्रॅम मोकळं कॉस्टिक. हा चिकट साबणापेक्षा वाईट, कारण तो कातडी जाळतो.

म्हणून टारची वेगळी ओळ करा, ०.०४३ ने गुणा आणि बेरजेत घ्या. प्रत्येक टार थोडं वेगळं असतं, त्यामुळे हा आकडा कामचलाऊ आहे. टार १० टक्क्यांवर ठेवलं तर त्यातल्या फरकाने काही बिघडत नाही. २० टक्क्यांना मात्र बिघडतं.

सुपरफॅटही खाली आणा. टारमधला बराच भाग साबण होतच नाही, तो तसाच वडीत राहतो आणि वडी मऊ करतो. वर ८ टक्के मोकळं तेल कशाला? ३ टक्के पुरतं.

माझ्या मते सुधारित प्रमाण: ऑलिव्ह ४५०, खोबरेल २२०, पाम १७०, एरंडेल ६० (०.१२८ ने), टार १००. एकूण गरज १३७.१, त्यातले ३ टक्के वजा करून कॉस्टिक १३३ ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, २६६ ग्रॅम. काटा एका ग्रॅमपर्यंत अचूक हवा. लायचं वजन कप-चमच्याने कधीही नको.

काळाफेस

हिशेब वर आलाच आहे, मी आवळण्याबद्दल लिहितो.

साध्या साबणात कॉस्टिकला आधी तेलाचा रेणू फोडावा लागतो, त्याला वेळ लागतो. टारमधली राळेची आम्लं मोकळीच असतात. लाय भेटताच त्यांचा तिथल्या तिथे साबण होतो आणि तो साबण बाकीचं तेल-पाणी एकत्र बांधून टाकतो. शिवाय टारमध्ये ग्वायकॉल, क्रेसॉल असे फिनॉल असतात. ते पुढची क्रियाही पळवतात. लवंगेतलं युजेनॉल त्याच घराण्यातलं, म्हणून लवंग तेलाने साधा साबणही हातात आवळतो. टारमध्ये लवंग म्हणजे आगीत तेल. दालचिनीचं तेलही नको. वासाला जोड हवीच असेल तर लॅव्हेंडर, देवदार किंवा निलगिरी चालेल. पण टारचा वास झाकला जात नाही, फार तर त्याच्या शेजारी दुसरा वास बसतो. धूर आवडत नसेल त्याने हा साबण करूच नये.

लक्षात घ्या, हा घट्टपणा खरा ट्रेस (तेल आणि लाय जुळून मिश्रण दाट होण्याचा टप्पा) नव्हे. मिश्रण श्रीखंडासारखं झालं तरी बरंचसं कॉस्टिक अजून मोकळं असतं. 'झालं आता' म्हणून हातमोजे काढू नका, गॉगलही काढू नका.

वेळ मिळवायची कृती:

टारचा डबा ४५ अंशांच्या गरम पाण्यात उभा करा. थेट आचेवर नाही, त्याची वाफ पेट घेते. पातळ झालं की तळापासून ढवळा. पाम वितळवून बाकी तेलांत मिसळा आणि तेलं ३५ अंशांपर्यंत उतरू द्या. त्याहून थंड केलीत तर पाम गोठायला लागतं आणि मिश्रण खोटंच दाट दिसतं. लायही ३० ते ३५ अंशांवर आणा.

मग टार तेलांत घाला आणि हाताच्या व्हिस्कने एकजीव करा. टार तेलापेक्षा जड आहे, थांबलात की तळाशी जातं, म्हणून ढवळून लगेच लाय ओता. इथून पुढे हँड ब्लेंडरला हात लावू नका, फक्त व्हिस्क किंवा स्पॅच्युला. काळपट रंग दुधाळ तपकिरी होईल. तीन ते पाच मिनिटांत मिश्रण सारखं दिसतं. स्पॅच्युला उचलून तिरका धरा. त्यावर तेलाच्या चकचकीत रेघा दिसल्या तर अजून ढवळा, नसतील तर त्याच क्षणी साच्यात. साचा आधीच कागद लावून शेजारी तयार हवा. नक्षी, थर, दोन रंग यांचा विचार सोडा.

मोजूनमापून

एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. हाताने ढवळताना रेघा राहून जाण्याचा धोका मोठा आहे, विशेषतः पहिल्या वेळी. त्यापेक्षा १०० ग्रॅम ऑलिव्ह बाजूला काढून त्यात कोमट टार कालवून ठेवा. बाकी तेलं आणि लाय ब्लेंडरने पाच-सहा सेकंदांच्या दोन-तीन झटक्यांत फक्त एकत्र बांधा. ट्रेसपर्यंत न्यायचं नाही. तेल वेगळं होणं थांबलं की पुरे. मग टारचं मिश्रण ओतून स्पॅच्युलाने फिरवा. पाया आधीच बांधलेला असल्याने नंतर फुटत नाही.

काळाफेस

१० टक्क्यांना तुमची रीत चालते. १५ च्या वर गेलात की टार पडल्यावर मिनिटभरही मिळत नाही आणि मधेच टारचे काळे ओघळ अडकतात. शिवाय 'ट्रेसपर्यंत न्यायचं नाही' हे सांगायला सोपं आहे, ब्लेंडर हातात असला की बटण सुटत नाही. पण फेसाळ यांच्या प्रमाणाला दोन्ही रीती ठीक.

हॉट प्रोसेसचं विचारलंय, तर आवळण्याचा प्रश्न सुटतो, कारण शिजवताना तो आवळणारच आहे. पण तास-दीड तास गरम टारची वाफ घरात. उघड्यावर चूल मांडता येत असेल तरच. साबण शिजल्यानंतर टार घातलं तरी हिशेबातून सुटत नाही, ते तेव्हाही आपला वाटा घेतंच.

मिश्रण पातेल्यातच गच्च झालं तर फेकू नका. चमच्याने साच्यात दाबून भरा, साचा ओट्यावर आपटून हवेचे खड्डे काढा. दिसायला ओबडधोबड, वापरायला उत्तम. तेल वेगळं होऊन वर तरंगत असेल तर मात्र पातेलं झाकून मंद आचेवर शिजवून काढणं हाच उपाय. पातेलं स्टेनलेस स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमचं नको, लाय ते खाते आणि हायड्रोजन सुटतो.

राळधूप

टार कुठलं घेताय, हे कुणी विचारलंच नाही. डब्यावर शंभर टक्के पाइन टार लिहिलेलं हवं. स्टॉकहोम टार या नावानेही मिळतं, घोड्यांच्या खुरांसाठीही विकतात. खुरांच्या डब्यांत कधी कधी टर्पेंटाइन किंवा इतर तेलं मिसळलेली असतात, ते साबणात नको. कोळशाचं डांबर आणि रस्त्याचं डांबर या पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत.

काचेवर थेंब पसरून उजेडात धरा. चांगलं टार पातळ थरात लालसर तपकिरी आणि पारदर्शक दिसतं. रवाळ दिसलं तर लगेच वाईट समजू नका. राळेची आम्लं थंडीत खडे धरतात. गरम पाण्यात डबा ठेवून ६० अंशांपर्यंत नेलं की विरघळतात, मग कोमट करून वापरा. गरम करूनही रवा राहिला तर तो कोळशाचा कीस आहे, गाळून घ्या. लाकूड मंद तापमानाला भाजून काढलेलं टार घ्यावं, कारण भट्टी जितकी तापते तितकी घातक बहुचक्रीय हायड्रोकार्बन त्यात वाढतात.

आणि हे औषध म्हणून कुणाला देऊ नका. ज्यांना राळेची किंवा बाल्समची (झाडांच्या सुगंधी चिकाची) अ‍ॅलर्जी आहे त्यांनी टाळावाच. बाकीच्यांनीही कोपराच्या आत थोडा फेस लावून दोन दिवस बघावं. चिरलेल्या, ओल्या त्वचेवर नाही.

फेसाळ

तीन टक्के सुपरफॅट, दहा टक्के टार, लवंग रद्द. रीत काळाफेस यांची घेतो. सिलिकॉनचा साचा चालेल ना? आणि गुंडाळून ऊबेत ठेवायचा का? कापायचा कधी?

काळाफेस

सिलिकॉन चालतो, पण टारचा वास त्यातून कधीच जात नाही. तो साचा पुढे फक्त टारसाठीच. त्यापेक्षा लाकडी पेटीला बेकिंग पेपर लावा. एकूण माल १.४ किलोच्या आसपास भरेल.

गुंडाळू नका. टार स्वतःच उष्णता काढतं. झाकून ठेवलंत तर मधोमध फुगून तडा जातो. उघडा, हवेशीर जागी ठेवा.

दुसऱ्या दिवशी कापायची घाई नको. तीन-चार दिवस लागतात, तरी बाहेर काढताना कडा बोटाला चिकटतील. कडकपणा हवा असेल तर लायच्या पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवा. मीठ आधी पाण्यात, कॉस्टिक नंतर. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. कापल्यावर वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून सहा ते आठ आठवडे मुरू द्या. रंग रोज गडद होत जाईल. वापरताना फेस तपकिरी दिसतो, तो तसाच असतो.

मोजूनमापून

भांडी धुताना थेट पाणी लावू नका, टार पसरतं आणि मोरीत बसतं. हातमोजे घालूनच आधी कागदाने पुसा, मग कुठलंही स्वस्त खाद्यतेल चोळून पुन्हा पुसा, आणि मग साबण. आणि मुरायला ठेवलेल्या वड्या बाकीच्या साबणांपासून वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर लॅव्हेंडरच्या वड्यांनाही धुराचा वास येईल.