रोमहून चिविता दी बान्योरेज्यो : ओर्वीएतोमार्गे जा

रोमहून थेट गाडी नाही म्हणून चिविता दी बान्योरेज्यो या इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या छोट्या गावाचा बेत रद्द करू नका, ही कळकळीची विनंती. काही जण रोमपासून टॅक्सी सुचवतात, पण तेवढ्या खर्चाची गरज नाही. रिजनल ट्रेनने सव्वा-दीड तासात ओर्वीएतो शहर गाठा, तिथून चिविताशेजारच्या बान्योरेज्यो गावाला कोत्राल या प्रादेशिक बस कंपनीची बस जाते. बस मोजक्याच असतात आणि रविवारी-सणासुदीला तर त्यांच्या भरवशावर राहूच नका. परतीची वेळ आधी बघा, जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं आधीच घेऊन ठेवा. उतरल्यावर बान्योरेज्यो गाव ओलांडून चिविताला जाणाऱ्या पुलापर्यंत चालावं लागतं. पुढे फक्त पायीच जाता येतं आणि शेवटचा चढ चांगलाच दमवतो. आई-वडील सोबत असतील तर दुपारचं ऊन टाळाच. चिकणमातीवरचा हा टफ (ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या) दगडाचा डोंगर अजूनही ढासळतोय, म्हणून कठड्यापलीकडे जाऊ नका. मोठ्या बॅगा मुक्कामीच ठेवा.