सिंहगड व्हॅलीतल्या पक्ष्यांसाठी फुल फ्रेम कॅमेरा विकून लहान सेन्सरचा मायक्रो फोर थर्ड्स घ्यावा का?

रानवेडा: सहा वर्षं फुल फ्रेम बॉडी आणि 200-600 लेन्स वापरतोय. नुसती लेन्सच दोन किलोच्या वर. मागच्या रविवारी सिंहगड व्हॅलीत पांढरा स्वर्गीय नर्तक समोरच्या फांदीवर बसला. मी मोनोपॉड उघडेस्तोवर शेपटी हलवून पसार! वय पंचावन्न, खांदा कुरकुरतोय. ओएम-1 हा मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा आणि त्याची 300 एफ/4 लेन्स मनात आहे. लेन्स सव्वा किलोच्या आसपास आणि क्रॉप दोनचा, म्हणजे लहान सेन्सरमुळे चौकट फुल फ्रेमवरच्या 600 ची. विकू की थांबू?

पानवठा: थांबा. 17.3 × 13 मिमीचा सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमचा जेमतेम पाव भाग. ताडोब्यात वाघ रस्त्यावर चालतो तो गेट उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात, आणि तेव्हाच उजेड नसतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 ला नेला की गालावरचे केस लोण्यासारखे पसरतात. गेलेले दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड, कुठून आणणार?

तांबट: दोन स्टॉप एफ नंबर (फोकल लांबी भागिले लेन्सचं भोक) सारखा असेल तर. यांची लेन्स 600 ला एफ/6.3 आहे. 600 भागिले 6.3, भोक 95 मिमी. 300 भागिले 4, भोक 75 मिमी. चौकट तीच, तर पक्ष्याचा उजेड किती आत येणार हे त्या भोकावर ठरतं. फरक फार तर दोन-तृतीयांश स्टॉप. शिवाय प्रो कॅप्चर आहे: बटण अर्धं दाबून ठेवा, खंड्यानं फांदी सोडली की पूर्ण दाबा, झेपेच्या आधीच्या फ्रेम्स मिळतात. माझी निम्मी उड्डाणं त्यातलीच.

पानवठा: गणित मान्य. पण जिप्सीपासून पंधरा फुटांवर वाघ आला की तुमच्या प्राइमवर (झूम नसलेल्या लेन्सवर) नुसत्या मिशा येतील. जिप्सी मागे घ्यायला जागा नसते, मागे चार गाड्या असतात. झूम तिथे कामाला येतो.

देवराई: वाघ सोडून बाकी प्राणीही आहेत हो! मी पावसाळ्यात आंबोलीला बेडूक काढतो. ओएम-1 आयपी53 आहे, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचाव; रात्रभर भिजला तरी दुसऱ्या दिवशी चालू. माझ्या पाठीवर छत्री, टॉर्च, फ्लॅश आणि तरी जागा उरते.

घारू: वजनच प्रश्न असेल तर निकॉनची 600 एफ/6.3 बघा, 1.4 किलोच्या आसपास. फुल फ्रेम सोडायची गरजच नाही. किमतीत मात्र एखादी सेकंडहँड गाडी येईल.

रानवेडा: गाडी आहे, तीच विकावी लागेल. 😄 पानवठांचा झूमचा मुद्दा डोक्यात बसला. मग 300 ऐवजी ओएम-1 साठीचा 100-400 झूम भाड्याने आणून भिगवणला एक सकाळ काढतो.

तांबट: जपून. ती 400 ला एफ/6.3 आहे. भोक फक्त 63 मिमी, म्हणजे तुमच्या आत्ताच्या लेन्सपेक्षा एका स्टॉपहून जास्त तूट. भिगवणच्या उन्हात ते कळणारच नाही. परत आलात की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सिंहगड व्हॅलीत जा, आणि तो नर्तक सावलीत काढून बघा.