मदत हवी आहे: पडदा खालून सुटला आहे, पण फोन पुढे उघडत नाही

अर्धाकप_चहा: खालचे पाच पाकळ्यांचे दोन्ही स्क्रू काढले आहेत आणि सक्शन कपने ओढल्यावर पडदा खालच्या बाजूने तीन-चार मिलिमीटर वर आला आहे, परंतु त्यापुढे तो हलायला तयार नाही आणि आत काहीतरी ताणले जात असल्याचे हाताला जाणवते. हेअर ड्रायरने दहा मिनिटे शेकूनही उपयोग झाला नाही. एका हाताने पडदा धरून दुसऱ्या हाताने हे टंकत आहे, तेव्हा जोर लावावा की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

बारीकपेच: कृपया जोर लावू नये. फोन कोणता आहे आणि तो कशासाठी उघडत आहात, हे दोन्ही आपण लिहिलेले नाही.

शेकोटी: मॉडेल कोणतेही असो, आतला डिंक नीट वितळलेला नाही, एवढाच याचा अर्थ आहे. मी आजवर उघडलेले सगळे फोन उष्णतेनेच उघडले आहेत. आणखी दहा मिनिटे शेकावे आणि गिटारची नखी फटीतून फिरवावी.

अर्धाकप_चहा: आयफोन ५एस आहे. त्याने फरक पडत असेल असे वाटले नव्हते.

बारीकपेच: सगळा फरक त्यानेच पडतो. या फोनचा पडदा डिंकाने चिकटवलेला नसून केवळ खाचांमध्ये बसवलेला असतो; पडद्याभोवती डिंक लावण्याची पद्धत २०१५ च्या ६एस पासून आली. आपल्याला जे ताणलेले जाणवते आहे ती होम बटणाची केबल आहे. ती पडद्यातून फोनच्या खालच्या भागातल्या जोडाला जाते आणि इतकी आखूड असते की पडदा झटक्याने उचलला तर फाटू शकते. बटणातला बोटाचा ठसा ओळखणारा भाग त्या एकाच फोनच्या मदरबोर्डशी, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डशी, जुळवलेला असल्याने, नवे बटण बसवून ठशाची सोय परत मिळत नाही. पडदा आहे तेवढाच उचलून ठेवावा, केबलच्या टोकावरची धातूची चिमुकली पट्टी चिमट्याने बाजूला करावी, प्लास्टिकच्या पात्याने जोड वर उचलावा आणि मगच पडदा वरच्या कडेवर दरवाजासारखा उभा करावा.

नोंदवही: छायाचित्रे आणि संपर्क यांची प्रत आधी काढून ठेवली आहे ना? माझ्या अनुभवात लोक नेमके हेच विसरतात.

अर्धाकप_चहा: प्रत काढलेली आहे, प्रश्न तो नव्हता. पट्टी निघाली, पण उडून सतरंजीवर पडली होती, ती शोधण्यात वेळ गेला. केबल शाबूत आहे. गेले चार दिवस पडदा मधोमध उचलल्यासारखा दिसत होता, दाबला तरी पुन्हा वर यायचा. आत धूळ गेली असेल, ती साफ करावी, एवढाच हेतू होता.

बारीकपेच: हे आपण पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. ती धूळ नाही, बॅटरी फुगली आहे. तिच्यात वायू साठला आहे आणि आपण तिलाच दहा मिनिटे शेकत होतात. ड्रायर ताबडतोब बाजूला ठेवावा आणि धातूचे कोणतेही हत्यार बॅटरीखाली घालू नये, कारण ती टोचली गेली तर पेट घेऊ शकते.

शेकोटी: बॅटरी फुगल्याचे मला सांगितलेच नव्हते.

बारीकपेच: म्हणूनच आधी विचारायचे असते.

अर्धाकप_चहा: बॅटरीचा जोड सोडवला आहे. तिच्याखालच्या दोन चिकटपट्ट्यांपैकी डावी हळूहळू ताणत अखंड निघाली, उजवी मध्येच तुटली.

बारीकपेच: फोन थोडा तिरका धरून त्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे (चिकटपट्टीचा डिंक सैल करणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब सोडावेत, काही मिनिटे थांबावे आणि मजबूत दोरा खालून करवतीसारखा हळू ओढावा, बॅटरी वाकू देऊ नये. पडद्याच्या केबलींवरच्या झाकणाचे चार स्क्रू कोणत्या छिद्रातला कोणता, हे ओळखता येईल असे वेगवेगळे ठेवले आहेत ना? ते १.२, १.३ आणि १.७ मिलिमीटरचे असतात. खालच्या उजव्या छिद्रात सर्वांत आखूडच बसला पाहिजे. लांब स्क्रू तिथे पिळला तर मदरबोर्ड कायमचा जातो.

अर्धाकप_चहा: चारही एकाच वाटीत आहेत.