सांगली, काळी माती: कमी देखभालीची पण बारा महिने फुलणारी बाग – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत आईच्या घरापुढे पूर्वेला साधारण २० बाय ३० फुटांची मोकळी जागा आहे. तिचे गुडघे दुखतात, खाली बसून खुरपणं आता जमत नाही. मी पुण्यात असते, महिन्याला एखादी चक्कर होते. पण देवाला रोज घरची चार फुलं हवीत आणि ओट्यावर बसलं की समोर काहीतरी फुललेलं दिसावं, एवढं तिचं मागणं आहे. ते पुरं व्हावं असं मनापासून वाटतं. म्हणून लॉनही नको आणि सगळीकडे फरशीही नको.

अडचण मातीची आहे. नदीकाठची काळी चिकण माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलै-ऑगस्टात पाणी लवकर निचरत नाही. २०१९ च्या पुरात अंगणात गाळ बसला, तो अजून वरच आहे. बोअरचं पाणी मचूळ, त्यानं पानांची टोकं करपतात.

डोक्यात आहे ते असं. मोठं झाड एकच बसेल. बहावा फार देखणा, पण ओल सोसणारं म्हणून तामणाचं झाड लावावं असं वाटतं. एप्रिल-मेची सोय होईल. पावसाळा सरता सरता पारिजातक. खाली जुनी साडी अंथरली की सकाळी तिची टोकं उचलायची, एकेक फूल वेचायला वाकायला नको. कुंपणाला बोगनवेल, तिला पाणी कमी असलं की उलट जास्त फुलते. तगर आणि अबोली जवळजवळ वर्षभर फुलं देतील. कण्हेर काटक खरी, पण सगळीच विषारी आणि सुट्टीत घरात लहान मुलं असतात, त्यामुळे ती नको.

थंडीचे दिवस मात्र रिकामे दिसतात. शेवंतीला दरवर्षी नव्यानं लावायची मेहनत आहे. त्याऐवजी कोरांटी कशी वाटते? बियांनी फार पसरते का?

आणखी विचारायचं म्हणजे, मुरूम आणि शेणखत मिसळून फूटभर उंच वाफे केले तर मे फ्लॉवर आणि लिलीचे कंद पावसात कुजणार नाहीत ना? तण दाबायला उसाचं पाचट अंथरायचा विचार आहे, इथे हवं तेवढं मिळतं, पण घराला लागून वाळवीची भीती वाटते. भिंतीपासून किती अंतर सोडता? आणि मचूळ पाण्यावर ठिबक बसवलेलं कुणाचं आहे का? तोट्या क्षारानं बुजल्या की साफ कशा करता?

मिरज-सांगली-इस्लामपूर भागातल्यांचा अनुभव जास्त उपयोगी पडेल. वाफ्यांचं काम मे महिन्यात उरकून पहिल्या पावसाला रोपं लावायची आहेत.