मदत हवी आहे: येसच्या १९७२ च्या कोणत्या मैफलीपासून सुरुवात करू?

मंडळी, येस या ब्रिटिश रॉक बँडचा ‘येससाँग्ज’ हा १९७३ चा तीन तबकड्यांचा लाइव्ह अल्बम माझा जीव की प्राण. संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीची ‘फायरबर्ड’ची सुरावट संपते, ‘सायबेरियन खाट्रू’ सुरू होतं आणि अंगावर काटा येतो. आवाज गढूळ आहे ही चाहत्यांची जुनी तक्रार, आणि ती खरीच आहे. तरी ‘द फिश’मध्ये क्रिस स्क्वायरचा बेस जो खरखरत, घणघणत छातीवर आदळतो, तो स्टुडिओतल्या मुद्रणात मला मिळत नाही. तिथे ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड आहे. बाकी बहुतेक गाण्यांत अ‍ॅलन व्हाइट, ज्याला दौऱ्याआधी जेमतेम तीन दिवसांत सगळं बसवावं लागलं!

आता २०१५ मध्ये आलेला ‘प्रोजेनी’ संच ऐकायचा आहे. १९७२ च्या शरद ऋतूतल्या, टोरंटोपासून युनियनडेलपर्यंतच्या सात अखंड मैफली, १४ सीडी. गाण्यांचा क्रम सगळीकडे जवळपास तोच, म्हणून नवख्याला निवड अवघड जाते.

ज्यांनी सातही ऐकल्या आहेत त्यांनी कृपया सांगा: ‘क्लोज टू द एज’ हे गाणं कुठल्या रात्री सर्वांत जमून आलंय? स्टीव्ह हाऊची गिटार आणि रिक वेकमनचे कीबोर्ड कुठे नीट वेगळे ऐकू येतात? नव्या मिक्सिंगमध्ये बेसची ती धार टिकली आहे का? निवडक भागांचा दोन सीडींचा संचही निघाला आहे, पण मला मैफल तुकड्यांत नको, सलग हवी.