मदत हवी आहे: टेक्सस, कम्युनिटी कॉलेज, टीएसआय परीक्षा (बारावी महाराष्ट्र बोर्ड)

पारवा
नमस्कार मंडळी. भाची बारावी सायन्स (महाराष्ट्र बोर्ड) करून आईवडिलांबरोबर डॅलसजवळ राहायला आली आहे. ऑगस्टपासून कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर, विषय कॉम्प्युटर सायन्स, असा बेत आहे. प्रवेश झालाय, पण कोर्स घ्यायला गेलं की 'टीएसआय'चा होल्ड दिसतो, म्हणजे ही इंग्रजी-गणिताची तयारी तपासणारी टेक्ससची परीक्षा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सॅट (अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची परीक्षा) दिलेली नाही.
१. बारावीच्या मार्कांवर सूट मिळते का?
२. नापास झाली तर प्रवेश जातो का?
३. गणित चांगलं, इंग्रजी बेताचं. अभ्यास कशाचा करावा?
४. पास झाली की थेट कॅल्क्युलस मिळेल का?

उंबरठा
पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं: नाही आणि नाही.

बारावीच्या मार्कांवर सूट नाही, कितीही असले तरी. सूट मिळते ती सॅट, तशीच एसीटी, टेक्ससच्या शाळांतली स्टार परीक्षा किंवा आधी कॉलेजात घेतलेले क्रेडिट (पूर्ण केलेल्या कोर्सचे एकक) यांवर. सॅटला इंग्रजीत ४८० आणि गणितात ५३० लागतात, आणि एकाच विषयात तेवढे असतील तर त्या विषयापुरती सूट मिळते. ४२ किंवा कमी क्रेडिटच्या सर्टिफिकेट कोर्सला टीएसआय लागत नाही, पण ट्रान्सफर करायचं आहे म्हटल्यावर तो रस्ता तिच्या कामाचा नाही. टोफेल (परदेशी विद्यार्थ्यांची इंग्रजीची परीक्षा) हे वेगळं प्रकरण आहे, त्याने टीएसआय माफ होत नाही.

प्रवेश जात नाही. कुठल्या वर्गात बसवायचं एवढंच या परीक्षेवर ठरतं.

सध्या जी चालते ती टीएसआयए२, म्हणजे या परीक्षेची दुसरी आवृत्ती, जानेवारी २०२१ पासूनची. परीक्षेआधी कॉलेजच्या साइटवर एक 'प्री-असेसमेंट अॅक्टिव्हिटी' (परीक्षेची ओळख करून देणारा भाग) पूर्ण करावी लागते. ती केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. पुष्कळ मुलं फी भरून, तारीख घेऊन सेंटरवर पोचतात आणि याच कारणासाठी परत जातात. झाल्याचं पान सेव्ह करून प्रिंट काढून ठेवा. फोटोचं ओळखपत्र मूळ लागतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. पासपोर्टवरचं नाव आणि कॉलेजच्या खात्यातलं नाव जुळतंय ना, तेही आत्ताच बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, ते एका ठिकाणी असतं आणि दुसरीकडे गळतं.

गणूमास्तर
आकडे देतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

गणित: २० प्रश्न. गुणांची पट्टी ९१० ते ९९०. ९५० आले की काम झालं. ९५० च्या खाली गेलं की लगेच, त्याच बैठकीत, ४८ प्रश्नांची डायग्नॉस्टिक (कुठे कच्चं आहे ते शोधणारी चाचणी) सुरू होते. तिच्यात लेव्हल ६ मिळाली तरी पासच. इथे मुलं 'गेलं आता' म्हणून भराभर क्लिक करत सुटतात आणि हातात आलेली दुसरी संधी घालवतात. डायग्नॉस्टिक सुरू झाली की पाणी पिऊन, दम खाऊन पुन्हा नीट लिहायला लागायचं. परीक्षेला वेळेचं बंधन नाही.

इंग्रजी: ३० प्रश्न आणि एक निबंध. ९४५ आणि निबंधात ८ पैकी किमान ५, दोन्ही हवेत. ९४५ च्या खाली असेल तर डायग्नॉस्टिकमध्ये किमान लेव्हल ५ आणि निबंधात ५. म्हणजे निबंधाला पर्याय नाही! प्रश्न उत्तम सोडवून निबंधात ४ आले तरी इंग्रजी अडकतं.

प्रश्न एकामागून एक येतात, आधीच्या उत्तरावर पुढचा ठरतो, मागे जाता येत नाही आणि सोडताही येत नाही. 'अवघड शेवटी बघू' ही बोर्डाची सवय इथे उपयोगाची नाही. स्टेपचे मार्कही नाहीत. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, लागेल त्या प्रश्नाला पडद्यावरच येतो. कच्च्या कामाला कागद सेंटर देतं.

पारवा
धन्यवाद! गणितात तिला ९४ होते. मग गणिताची तयारी नकोच ना?

गणूमास्तर
हवी, पण वेगळ्या गोष्टींची. बारावीचं इंटिग्रेशन येणारी मुलं इथे क्षेत्रफळाच्या प्रश्नाला चुकतात. नमुना: १२ फूट बाय १५ फूट खोलीला गालिचा घालायचा, किती चौरस यार्ड लागेल? १८० चौरस फूट, भागिले ९, उत्तर २०. यार्ड म्हणजे तीन फूट म्हणून घाईत तीनाने भागलं की ६० येतं, आणि पर्यायांत ६० असतंच. फूट, इंच, मैल, गॅलन, पाउंड यांची रूपांतरं पाठ हवीत.

दुसरी जागा म्हणजे तक्ते. २०० विद्यार्थी, त्यात ८० मुलगे, त्यांतले २० सायकलने येतात. 'मुलग्यांपैकी सायकलने येणारे' म्हणजे २०/८०, आणि 'सायकलने येणारा मुलगा असण्याची शक्यता' म्हणजे २०/२००. इंग्रजी वाक्य नीट न वाचल्याने गणित चुकतं. २० पैकी ४ प्रश्न संख्याशास्त्र आणि संभाव्यतेचे असतात, ७ बीजगणिताचे, ६ संख्यात्मक विचाराचे, ३ भूमितीचे. बॉक्स प्लॉट आणि स्कॅटर प्लॉट हे आलेखांचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. कॉलेज बोर्डाचे (परीक्षा बनवणारी संस्था) फुकट सराव प्रश्न आहेत. क्लासवाल्यांची जाड पुस्तकं घेऊ नका, गरज नाही.

वाचकवर्ग
कॅलिफोर्नियात तर अशी परीक्षाच नसते म्हणतात?

उंबरठा
तिथे एबी ७०५ हा कायदा २०१७ मध्ये झाला. त्यानंतर कम्युनिटी कॉलेजं हायस्कूलचे ग्रेड बघून थेट ट्रान्सफर-लेव्हलच्या (पुढे युनिव्हर्सिटीत धरल्या जाणाऱ्या) इंग्रजीत आणि गणितात बसवतात. प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. टेक्ससचे नियम कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांना विचारू नयेत, एवढं नक्की.

शेवंती
निबंधाबद्दल. ३०० ते ६०० शब्द. दोनचार ओळींचा उतारा देतात, त्यातल्या मुद्द्यावर तुमचं मत विचारतात. तपासणी संगणक करतो.

मराठी शाळेतला निबंध सुविचाराने सुरू होतो, मधे दोन्ही बाजू मांडतो आणि शेवटी 'नाण्याच्या दोन्ही बाजू असतात' म्हणून मोकळा होतो. इथे नेमके तिथेच गुण कापले जातात. पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात बाजू घ्या. मग दोन परिच्छेद, प्रत्येकात एक कारण आणि एक ठोस उदाहरण. मग विरोधी मत एक, त्याला उत्तर एक. शेवट दोन ओळींत. कोणाचं अवतरण आठवत नसेल तर रचून घालू नका, रोजच्या व्यवहारातलं उदाहरण चालतं.

स्पेलचेक नसतो. म्हणून सरावही साध्या नोटपॅडमध्ये करायचा, वर्डमध्ये नाही. गूगल कीबोर्ड शब्द सुचवतो त्यानेही सवय बिघडते. आठवड्याला तीन निबंध, प्रत्येकी सुमारे ४०० शब्द. इंग्रजी बेताचं असेल तर लांब वाक्यं टाळा, पण सगळीच चार शब्दांची नकोत. वाक्यरचनेतल्या वैविध्यालाही गुण आहेत. ए, अॅन, द आणि भूतकाळाची क्रियापदं यांत मराठी मुलांच्या चुका सर्वांत जास्त, तेवढ्यासाठी शेवटी एक वाचन राखून ठेवा.

पैलतीर
एवढी धावपळ कशाला? नापास झाली तरी को-रिक्विझिट मिळतो: कॉलेजचा नेहमीचा कोर्स आणि त्याच सेमिस्टरला जोडून मदतीचा तास. टेक्ससच्याही २०१७ च्या कायद्यानंतर पूर्वीसारखी रिमेडियलची (आधी करायच्या पूर्वतयारीच्या वर्गांची) रांग राहिली नाही.

उंबरठा
खरंय, इंग्रजीपुरतं. पण जोडतासाचे पैसे भरावे लागतात आणि डिग्रीत तो धरला जात नाही. गणितात मात्र तिने पास व्हायलाच हवं, कारण कॉम्प्युटर सायन्सला कॅल्क्युलस लागतं आणि एक सेमिस्टर मागे पडलं की पुढचे फिजिक्स, प्रोग्रॅमिंग सगळेच सरकतात.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ९५० म्हणजे साधारण कॉलेज अल्जिब्राचं दार. कॅल्क्युलससाठी बऱ्याच कॉलेजांत वेगळी चाचणी असते, अनेकदा अॅलेक्स ही ऑनलाइन चाचणी. तीस प्रश्नांपर्यंत, निकाल ० ते १०० टक्के, कॅल्क्युलसला बहुतेक ठिकाणी ७५ च्या आसपास लागतात. नेमका आकडा कॉलेजच्या मॅथ डिपार्टमेंटच्या पानावर बघा. अॅलेक्समध्ये पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं. येत नसेल तर 'आय हॅवन्ट लर्न्ड धिस येट' (हे अजून शिकलेलं नाही) दाबावं, अंदाज ठोकू नये. टीएसआयला नेमकं उलट, येत नसलं तरी काहीतरी निवडावंच लागतं.

अॅलेक्सची पहिली फेरी घरून देता आली तरी तिला कोणी मदत करू नका. फुगवलेल्या गुणांनी ती कॅल्क्युलसच्या वर्गात बसेल आणि दुसऱ्या आठवड्यात अडकेल. फेरी झाली की कच्च्या विषयांचा सराव त्याच प्रोग्रॅममध्ये उघडतो. तो करून मग देखरेखीखालची फेरी द्यायची. रेडियन, लॉग आणि आलेख डावी-उजवीकडे सरकवणं, हे आधी बघून ठेवा.

पारवा
समजलं. तारीख कधीची घ्यावी?

गणूमास्तर
जुलैच्या आधी. इंग्रजी आणि गणित वेगवेगळ्या दिवशी दिले तरी चालतात, उलट बरंच. एक विषय राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. मधे किती दिवस जाऊ द्यायचे आणि फी किती, हे प्रत्येक सेंटर स्वतः ठरवतं. ऑगस्टमध्ये सेंटरला झुंबड असते आणि सकाळचे तास तोवर भरलेले असतात.